मोठ्या जावयांच्या डिकीतला दिवा

आमच्या बाबांसमोर दुसऱ्या कुणाचं कौतुक करायचं नाही, हा घरातला अलिखित कायदा आहे. तो आई पाळते, मी पाळते, बाबांच्या दुकानाशेजारचा, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटरसुद्धा पाळतो. पाळत नाही ती फक्त आजी. आजी म्हणजे आईची आई, बाबांची सासू. आणि सासूला कायदा कोण शिकवणार?

बाबा गाड्यांचं वायरिंग करतात. हॉर्न वाजत नाही, काच वर जात नाही, सेल्फ मारला की गाडी नुसती खाकरते, अशा सगळ्या दुखणाईत गाड्या बाबांच्या दुकानापुढे येऊन उभ्या राहतात. दुकान म्हणजे एक शटर, आत एक बाकडं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली रंगीबेरंगी वायरींची भेंडोळी आणि दारात कुठल्याशा मोडीत गेलेल्या गाडीचं मागचं सीट. त्याला बाबा ‘सोफा’ म्हणतात. वायरीचं आवरण ते अजून दातांनीच सोलतात. पुढचे दोन दात त्यापायी झिजलेत. दातांच्या डॉक्टरने एकदा आ करायला लावून विचारलं, “काय फोडता हो या दातांनी?” बाबा आ केलेल्या अवस्थेतच म्हणाले, “फोडत नाही, सोलतो.”

हात सोन्याचा, पण पोटात कायमचा निखारा. शेजाऱ्यांच्या कुंडीत फूल उमललं की बाबा आमच्या कुंडीकडे रागाने बघतात. दवाखान्यात बाजूला बसलेल्या माणसाचा ताप आपल्यापेक्षा जास्त निघाला, तर यांचा चेहरा पडतो. एकदा कुणा ओळखीच्यांच्या अंत्ययात्रेहून आले, हातपाय धुतले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “गर्दी बरीच होती.” आई म्हणाली, “अहो, त्याच्यावरही जळताय? तो जळला ना आधीच!”

बाबांचा जळफळाट आरडाओरडा करत येत नाही, चांगले कपडे घालून येतो. आधी “छान आहे.” मग जरा थांबून “हो, छानच आहे.” मग कप खाली ठेवल्याचा टण्ण आवाज. आणि मग “पण”. त्या ‘पण’ची वाट बघत आई आणि मी भिंतीकडे नजर लावून बसतो. एकमेकींकडे बघितलं तर हसू फुटून संपलंच.

आता साडूभाऊ. म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, मी त्यांना काका म्हणते. काका ऑफिसात काम करतात, हळू बोलतात, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य “नाही म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही, पण…” असं दारावर टकटक करून आत येतं. पुढे जे काय म्हणतात ते नेमकं बरोबर निघतं. बाबांना ते ‘दादा’ म्हणतात आणि मनापासून म्हणतात. माणूस जरा तरी वाईट असता, तर बाबांची निम्मी अडचण मिटली असती. काकांवर जळायला कारणच सापडत नाही. मग बिचाऱ्या बाबांना विनाकारण जळावं लागतं.

तरी एक खातं पक्कं बाबांकडे होतं. आजीची ने-आण. आजी एकटी राहते, ठणठणीत आहे, फक्त गुडघे सोडून. तिला कुठेही जायचं असलं की फोन यायचा, “मोठ्या जावयांना पाठव गं.” बाबा तोंडाने म्हणायचे, “मी काय तुमच्या आईचा ड्रायव्हर आहे?” आणि आईने फोन ठेवायच्या आत शर्ट बदलून, केस विंचरून दारात उभे असायचे. त्यांची गाडी जुनी, पण आतली वायर न् वायर त्यांनी स्वतः बदललेली. आजी मागे बसून “हळू हो, हळू हो” करायची आणि बाबा आरशात बघून “हळूच आहे” म्हणायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासू-जावयाचं सगळं संभाषण एवढंच. बाबांना ते पुरत होतं.

मग काकांनी नवी गाडी घेतली.

एकदा बाबा एका ट्रकच्या खाली कामात अडकले होते, म्हणून आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे काका घेऊन गेले. परत येताना आजी आमच्याकडे उतरली. आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्या आधी, तिने सुरू केलं.

“अगं, काय सांगू! माझी चष्म्याची डबी पिशवीतून घरंगळली डिकीत. म्हटलं, गेली आता. तिन्हीसांजेची कुठे शोधायची? तर धाकट्या जावयांनी डिकी उघडली आणि गं बाई, आत दिवा! आपोआप! फ्रीज उघडल्यासारखा! डबी अशी समोर!”

“छान आहे,” बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं नाही. मी आईकडे बघितलं नाही.

“हो, छानच आहे.” टण्ण. “पण मी म्हणतो, डिकीत दिवा हवाच कशाला? आत काय माणसं अभ्यासाला बसतात?”

आजीने चप्पल काढली, खुर्चीत बसली, आणि अगदी साधेपणाने, जणू भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, “पण तुम्ही तर दिव्यांतलेच ना हो? मग तुमच्या गाडीत कसा नाही?”

आई घाईघाईने स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे तिला खोकल्याची उबळ आली. खोकला कसला, ओळखीचा होता.

आजी तिथेच थांबली असती तरी चाललं असतं. पण लवकरच तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. निघताना ती म्हणाली, “हॉस्पिटलातून घरी यायची संध्याकाळ होईल म्हणतात. तो वॉकर, पिशव्या, औषधं, अंधारात काढघाल… धाकट्यांनाच सांगावं म्हणते. तुम्हाला कशाला त्रास?”

“त्रास कसला?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चक्क चिरकला.

“बघू,” आजी म्हणाली.

त्या ‘बघू’ने बाबांची झोप उडवली. ऑपरेशन पार पडलं, आजीला घरी सोडायला एकच दिवस उरला, तरी ती उडालेलीच. त्या सकाळी दात घासताना फेसातून म्हणाले, “माझ्या जन्माचा धंदा दिव्यांचा, आणि दिवा त्याच्या डिकीत!” आई म्हणाली, “अहो, नक्की काय दुखतंय, पोट की डिकी?” बाबांनी चूळ भरली, आणि गाडी घेऊन सरळ दुकान गाठलं. मला सुट्टी होती. असली मजा फुकट सोडणारी मी नव्हे. मागच्या सीटवर मीही होतेच.

डिकीत दिवा बसवणं बाबांच्या डाव्या हाताचा मळ. गाडी बंद असतानाही दिवा लागायला हवा, म्हणून करंट थेट बॅटरीचा घ्यायचा. पुढे फ्यूजबॉक्समधून एक वायर काढायची, दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचकटून तिच्याखालून, कार्पेटच्या पोटातून, सीटच्या मागून डिकीपर्यंत न्यायची. दुसरी वायर तिथेच बॉडीला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून, पत्रा चकचकीत करून. आणि डिकीच्या काठावर एक छोटा खटका, स्प्रिंगच्या बटणासारखा. झाकण खाली आलं की खटका दाबला जातो, दिवा विझतो. झाकण उघडलं की खटका वर येतो, दिवा लागतो. बस्स. बाबांनी बशीएवढा एक दिवा काढलाही होता.

तेवढ्यात शेजारचा डेंटर आला. हा माणूस दिवसभर पत्रे ठोकतो, म्हणून बोलतोही ठोकल्यासारखा. एक शब्द, मग थांबा.

“उस्ताद. साडूंच्या. गाडीत. किती. दिवे?”

“एक.”

“आणि. तुमच्यात?”

“एक.”

“म्हणजे. बरोबरी.” आणि गेला आपल्या पत्र्याकडे.

बरोबरी! बाबांनी तो बशीएवढा दिवा परत खोक्यात टाकला. मग एलईडीची अखंड पट्टी आली. डिकीच्या चारी कडांनी, वर, खाली, कोपऱ्यात, जॅकच्या खणातसुद्धा. पट्टी लावून झाली तेव्हा ती डिकी राहिली नव्हती, दागिन्यांच्या दुकानाचं शोकेस झालं होतं. त्या उजेडात जुन्या डिकीतली धूळ दिसायला लागली. मग धूळ आत येऊच नये म्हणून झाकणाच्या कडेचं रबर काढून नवं, चांगलं जाडजूड बीडिंग बसवलं. झाकण आता पहिल्यासारखं धाडकन न लागता गादीवर बसल्यासारखं ‘फुस्’ करून बसायला लागलं. बाबा तो ‘फुस्’ पुन्हा पुन्हा ऐकत होते.

आता गिऱ्हाइकाच्या गाडीत असं काही केलं, की बाबांचा एक नेम असतो. ते म्हणतात, “बंद डिकीत काय चाललंय, ते डिकीलाच ठाऊक.” म्हणून मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवायचा, झाकण लावायचं, उघडायचं आणि बघायचं, आत अंधार झाला होता की नाही. मोबाईलला कॅमेरे नव्हते तेव्हा बाबा स्वतः आत झोपायचे आणि डेंटर झाकण लावायचा. एकदा झाकण लावून तो चहाला गेला. “मला वाटलं. तुम्ही. अजून. बघताय.” पण ती तपासणी बाबांनी कधी चुकवली नाही. रबर बदललेलं असलं तर दोनदा.

आज मी मोबाईल हातात घेऊन तयारच होते. आणि नेमके तेव्हाच काका आले.

ऑफिसातून येता येता आजीची कपड्यांची पिशवी आमच्याकडे द्यायची होती, म्हणून आले होते. त्यांनी डिकी बघितली आणि डोळेच विस्फारले.

“दादा! अहो, हे काय केलंत! माझ्या गाडीत नुसता एक मिणमिणता बल्ब आहे हो. हे म्हणजे…”

बाबांनी खांदे उडवले, जणू अशा डिक्या ते रोज चहाआधी करतात. “उजेड नको का माणसाला?” त्या क्षणी बाबा बोटभर उंच झाले, मी शपथेवर सांगते.

“नाही म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही,” काका वाकून खटका बघत म्हणाले, “पण डिकी लावल्यावर हा विझतो का?”

“बाबा, मोबाईल,” मी हात पुढे केला.

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या हातात मोबाईल नाही, नापासाचा दाखला देतेय. साडूसमोर तपासायचं? म्हणजे स्वतःच्या हातावर शंका घ्यायची, आणि तीही याने विचारल्यावर?

“मोबाईल कशाला? केस पांढरे झाले या धंद्यात.” आणि झाकण लावलं. फुस्. “विझला.”

“कशावरून?” पलीकडून डेंटर.

“मी सांगतो म्हणून!”

काका म्हणाले, “दादा म्हणतात म्हणजे विझला.” आणि ते खरंच तसं मानून गेले. जाताना पुन्हा एकदा मागे वळून गाडीकडे बघितलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे सुख होतं, ते बघून मलाही पुढे काही विचारवेना. रात्री त्यांनी गाडीवर कव्हर घातलं आणि हॉस्पिटलात आजीला फोन लावला. कधी नव्हे ते स्वतः! “उद्या मीच येतो. डिकी बघाच.” आजी म्हणाली, “बरं.” बाबांनी त्या ‘बरं’ची नक्कल आईला करून दाखवली. नक्कल अगदीच सुमार, पण आनंद खरा.

सकाळी गाडीने कण्हत कण्हत सेल्फ घेतला. “गारठलीय,” बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाची गाडी अशी कण्हली असती, तर यांनी आधी बॉनेट उघडलं असतं. आज तिथे लक्षच नव्हतं. रस्ताभर शीळ चालली होती.

हॉस्पिटलात कागदपत्रं, सह्या, पुन्हा कागदपत्रं, असं करता करता दिवस कलला. पोर्चमध्ये व्हीलचेअर आली. मावशी आणि काकाही आले होते, त्यांची गाडी आमच्या मागेच उभी. आजीला मागच्या सीटवर आडवी बसवताना आम्हा सगळ्यांच्या तोंडाला फेस आला. मग बाबांनी वॉकर उचलला आणि जादूगारासारखी डिकी उघडली.

दिवा लागला. पण कसा? तापातून उठलेल्या माणसाच्या हसण्यासारखा. फिकट, पिवळट, केविलवाणा. बाबांचं तोंड त्याहून फिकट. झाकण लावून ते पुढे जाऊन बसले, चावी फिरवली.

टक्.

पुन्हा. टक्. टक्.

हा आवाज बाबा फोनवरून ओळखतात. गिऱ्हाईक नुसतं “टक् करतंय” म्हणालं, की इकडून बाबा, “बॅटरी उतरली, रात्री काय चालू ठेवलं होतंत?” आज विचारणार कुणाला? मागून वॉचमन शिट्टी फुंकत होता. मावशी म्हणाली, “आई, तू आमच्या गाडीत चल.” मी आरशात बाबांचे डोळे बघितले. बुडत्या माणसाचे होते.

“मी हलायची नाही,” आजी म्हणाली. “एकदा बसले ती बसले. हा पाय आत घालताना देव आठवले मला, आता बाहेर काढू? काय करायचं ते गाडीचं करा.”

“दादा,” काका खिडकीशी वाकले, “नाही म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही, पण गाडीबरोबर एक केबल मिळालीय. माझ्या बॅटरीवरून तुमची चालू होईल का?”

होईल का! वायरिंगवाल्याची गाडी, आणि साडूच्या बॅटरीवरून! बाबा खाली उतरले. काकांनी केबल आणली, गाडी बाजूला घेतली, दोन्ही बॉनेटं उघडली. बाबा कमरेवर हात ठेवून एकाच आशेने बघत होते, की हा आता चुकेल. आधी लाल लावायची असते. काकांनी आधी लालच लावली. काळीचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावायचं असतं. काकांनी तिथेच लावलं. गाडीबरोबरची पुस्तिका त्यांनी वाचली होती! माणसाने निदान एकदा तरी चुकावं की नाही?

गाडी सुरू झाली. आजीने आतून टाळ्या वाजवल्या. “धाकट्या जावयांना सगळं येतं हो!”

आम्ही निघालो. बाबा पुढे, काका मागे. अंधारून आलं होतं. अर्ध्या वाटेत आईचा मोबाईल वाजला. पलीकडे मावशी, आणि आईने सवयीने स्पीकर लावलेला.

“ताई, हे काय म्हणतायत बघ.”

मग काकांचा आवाज. “दादा, नाही म्हणजे… तुमच्या डिकीच्या कुलपापाशी, रबराचा जोड आहे ना, तिथून उजेडाची एक बारीक रेघ दिसतेय. आतला दिवा बहुतेक चालूच आहे. पण मागून काय सुरेख दिसतंय हो!”

जाड रबर. फुस्. रबराने झाकण केसभर वर धरलेलं, खटका अर्धाच दाबलेला, आणि रात्रभर कव्हराखाली, मग दिवसभर हॉस्पिटलच्या दारात ते शोकेस लखलखत बसलेलं. हे सगळं बाबांना एका क्षणात दिसलं असणार, कारण त्यांचे कान लाल झाले.

“म्हणजे,” आजी मागून सावकाश म्हणाली, “ज्या दिव्यासाठी मी या गाडीत बसले, त्याच दिव्याने गाडी बसवली?”

बाबांनी गिअर बदलला.

“टाके काढायला मी धाकट्यांबरोबर जाते. तुमच्या गाडीला जरा विश्रांती.”

बाबांनी दुसऱ्या दिवशी खटक्याखाली दोन वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालून तो उंच केला. चहाचा कप रिकामा होण्याआधी काम संपलं. पण गेलेलं खातं दोन वायसरनी परत येत नाही. ते सोफ्यावर नुसते बसून राहायला लागले. अशात काका गाडी घेऊन दुकानात हजर. “दादा, मला पण तसंच करून द्या. त्या रेघेपासून डोक्यातून जातच नाही हो.”

काका गाडी ठेवून ऑफिसला गेल्यावर डेंटर आला. “उस्ताद. एखादी. वायर. ढिली. राहिली तर?” आणि डोळा मारला.

बाबा असे उसळले की हातातला पाना खाली पडला. “माझ्या हाताने? ढिली? उद्या लोक काय म्हणतील, कुणी केलंय?”

मग जे काम त्यांनी केलं! प्रत्येक जोड डाग देऊन पक्का, वायर अशी लपवलेली की वायरिंगवाल्यालाही सापडू नये. मोबाईल आत ठेवून पुन्हा पुन्हा तपासणी. मीच कंटाळले. काकांची डिकी मोठी, आतलं कापड फिकट राखाडी, त्यामुळे उजेड आमच्या गाडीपेक्षा कितीतरी छान पसरला. बाबा समोर उभे राहून बघत होते. काम आपलंच, आणि आपल्यालाच बघवेना! दिवसभराच्या कष्टाने माणसाने स्वतःच्याच पोटात निखारा पेटवून घ्यावा, हे फक्त बाबाच करू जाणे. “आपल्या डिकीत राखाडी कापड घालू का?” त्यांनी हळूच विचारलं.

टाके काढायच्या दिवशी सकाळी काका धावतपळत आले. ऑफिसात अचानक कसली तरी तपासणी. “दादा, गाडी इथेच ठेवतो, तेवढं आईंना नेऊन आणाल का?” आणि बाबांच्या हातात चावी. बाबांनी चावीकडे अशा नजरेने बघितलं, की घ्यावी तरी पंचाईत, न घ्यावी तरी पंचाईत. मग शर्ट बदलायला आत गेले.

काका उंच, बाबा बुटके. पण सीट पुढे घेतील तर शपथ. “दुसऱ्याची वस्तू आहे, आपण कशाला हलवायची?” म्हणत पूर्ण रस्ता सीटच्या टोकावर बसून, पायाच्या बोटांनी ब्रेक दाबत गाडी चालवली. मागून आजी, “हळू हो, हळू हो.” इकडून बाबा, “हळूच आहे.”

हॉस्पिटलच्या तळघरात गाडी लावली. तिथे दिवसासुद्धा काळोख. व्हीलचेअरवाला खुर्ची ढकलत आला. बाबांनी वॉकर काढायला डिकी उघडली आणि अख्खी भिंत उजळली. व्हीलचेअरवाला खुर्ची सोडून पुढे आला.

“अरे वा, साहेब! काय गाडी आहे तुमची!”

बाबांनी ओठ उघडले, मिटले. ‘हो’ म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. मी बघत होते, आजी काच खाली करून ऐकत होती.

“गाडी साडूची आहे,” बाबा शेवटी म्हणाले. वॉकर खाली ठेवला. “डिकी माझी.”

“आणि गुडघा माझा!” आजी आतून ओरडली. “आधी मला उतरवा, मग वाटण्या करा!”